अरबी समुद्राचे बदलते गणित

हवामान प्रारूप म्हणजे पृथ्वीचे वातावरण, समुद्र, जमीन आणि बर्फ यांची समीकरणांनी उभारलेली प्रतिकृती. रोजच्या बोलण्यात तिला ‘क्लायमेट मॉडेल’ म्हणतात. रसायनशास्त्राचा अभ्यासक परीक्षानळीत एखादा पदार्थ घालून पाहतो, न घालता पाहतो आणि फरक मोजतो. हवामानाच्या अभ्यासकाला ही सोय नाही. अरबी समुद्र एकदा तापवून आणि एकदा थंड ठेवून पाऊस कसा पडतो, हे प्रत्यक्षात करून बघता येत नाही. संगणकात मात्र ते करता येते. चक्रीवादळे का बदलत आहेत, पावसाची रीत का पालटते आहे आणि त्यात माणसाचा वाटा किती, या प्रश्नांसाठी जगभरचे शास्त्रज्ञ याच प्रयोगशाळेचा आधार घेतात. भारतातील या कामाचे एक प्रमुख केंद्र पुण्यात पाषाण येथे आहे. 1962 साली स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ती हीच. ‘आयआयटीएम’ या नावाने ती अधिक ओळखली जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी हे प्रश्न आता पुस्तकी राहिलेले नाहीत. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात जमिनीवर आले. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने घरांची कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ पश्चिम किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत धडकले. त्याच वर्षी 22 जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, वाशिष्ठी नदीच्या पुरात चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली.

कागदावरच्या हवेपासून महासंगणकापर्यंत

हवा हा वायू आहे आणि तो भौतिकशास्त्राचे नियम पाळतो. मग आजच्या स्थितीवरून उद्याची स्थिती गणिताने काढता आली पाहिजे, असा विचार नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी 1904 मध्ये मांडला. ब्रिटिश गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी तो हाताने आकडेमोड करून पाहिला. सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे काढायला त्यांना काही आठवडे लागले आणि उत्तर आले 145 हेक्टोपास्कल. इतका बदल सहा तासांत कधीच होत नाही. रिचर्डसन यांनी हे अपयश लपवले नाही. 1922 मध्ये त्यांनी सगळे गणित पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि 64,000 माणसे एका प्रचंड दालनात बसून जगाच्या हवेचे गणित करीत आहेत, अशी कल्पनाही त्यात रंगवली.

त्या 64,000 माणसांची जागा संगणकाने घेतली. 1950 मध्ये अमेरिकेत ‘एनिअॅक’ या संगणकावर पहिला गणिती अंदाज काढला गेला. 1956 मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी वातावरणाच्या सर्वसाधारण अभिसरणाचे पहिले प्रारूप तयार केले. जपानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले स्युकुरो मानाबे यांनी रिचर्ड वेदरल्ड यांच्यासह 1967 मध्ये दाखवले, की हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान दोन अंशांहून थोडे अधिक वाढेल. 1970 च्या सुमारास मानाबे यांच्याच प्रारूपात उष्ण समुद्रांवर चक्रीवादळांसारखे भोवरे दिसू लागले. कोणीही ते मुद्दाम घातले नव्हते. समीकरणांमधून ते आपोआप जन्मले होते. मानाबे यांना 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते याच पायाभूत कामासाठी.

एका चौकोनात काय घडते?

प्रारूप तयार करताना पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत विभागला जातो आणि प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचले जातात. समुद्राचेही तसेच थर पाडतात. प्रत्येक चौकोनातील प्रत्येक थराला तापमान, दाब, बाष्प आणि वारा यांचा एकेक आकडा दिला जातो. मग काही मिनिटांचे पाऊल टाकून संगणक पुढचे आकडे काढतो: सूर्याकडून किती उष्णता आली, किती परत गेली, शेजारच्या चौकोनातून किती हवा आत आली, किती बाष्पाचे पाणी झाले. पाऊल टाकले की पुन्हा तेच गणित. शंभर वर्षांचे हवामान अशा लक्षावधी पावलांनी चालून काढावे लागते.

यातली मुख्य अडचण चौकोनाच्या आकाराची आहे. जागतिक प्रारूपांतील चौकोनाची बाजू साधारणपणे 100 किलोमीटर असते, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या जवळपास. त्या एका चौकोनात कोकणपट्टी, सह्याद्रीचा कडा आणि देशावरचे पठार या सगळ्यांची मिळून एकच सरासरी उंची धरली जाते. कडा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी सौम्य चढ उरतो. प्रत्यक्षात पश्चिमेकडून येणारी दमट हवा कड्याला अडून वर चढते, थंड होते आणि तिथेच रिती होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जेमतेम 20 किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या सुमारे एक तृतीयांश. मोठ्या चौकोनाच्या प्रारूपात ही दोन गावे एकच असतात आणि त्यांचा पाऊसही एकच असतो.

चौकोन लहान करणे हा उपाय सरळ दिसतो, पण तो महाग आहे. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते. म्हणजे काम किमान आठपट वाढते. ढग तर त्याहूनही लहान. पावसाळी ढगाचा विस्तार काही किलोमीटरचा असतो, त्यातील थेंब मिलिमीटरचा. प्रारूपाला ढग दिसत नाही. चौकोनातील उष्णता आणि बाष्प पाहून ढग किती असतील आणि पाऊस किती पडेल, याचे ठोकताळे समीकरणांच्या रूपात घालावे लागतात. निरनिराळ्या संस्थांचे हे ठोकताळे निरनिराळे असतात. प्रारूपांच्या उत्तरांतील फरक प्रामुख्याने इथूनच येतो.

अंदाज वेगळा, हवामान वेगळे

चार दिवसांनंतरचा पाऊस नक्की सांगता येत नाही, तर 2070 मधला कसा सांगणार, ही शंका नेहमी विचारली जाते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये दाखवले, की सुरुवातीच्या आकड्यांतील अगदी बारीक फरकही वाढत वाढत काही दिवसांत सगळा अंदाज बिघडवू शकतो. म्हणून ठरावीक गावात ठरावीक दिवशी पाऊस पडेल का, हे दोन आठवड्यांपलीकडे सांगणे अवघड असते. हवामान प्रारूप असे काही सांगण्याचा दावाही करीत नाही. आषाढीच्या वाटेवरचा एखादा वारकरी दुपारी तीन वाजता नेमका कुठे असेल, हे कोणी सांगू शकत नाही; पण पालख्या एकादशीच्या आत पंढरपुरात पोहोचतील, हे सगळ्यांना ठाऊक असते. प्रारूपाचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडसारखे हरितगृह वायू अमुक इतके वाढले तर पुढील काही दशकांत पावसाची सरासरी, टोके आणि वारंवारता कोणत्या बाजूला सरकेल, एवढेच ते सांगते.

म्हणूनच एका प्रारूपाच्या एका उत्तरावर कोणी विसंबत नाही. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच प्रारूप अनेकदा चालवले जाते आणि जगातील अनेक संस्थांची प्रारूपे सारख्याच अटींवर चालवून ताडून पाहिली जातात. 1995 पासून चालणाऱ्या या आंतरराष्ट्रीय उपक्रमाला ‘सीमिप’ म्हणतात. त्याच्या सहाव्या फेरीत पुण्याच्या संस्थेचे पृथ्वी-प्रणाली प्रारूपही सामील झाले. या उपक्रमात उतरलेले ते पहिले भारतीय प्रारूप.

वादळ कसे घडते आणि कसे अभ्यासले जाते

चक्रीवादळ हे समुद्राच्या उष्णतेवर चालणारे इंजिन आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर गेले की पाण्याची भरपूर वाफ होते. वर जाऊन तिचे पुन्हा पाणी होते, तेव्हा तिच्यातील सुप्त उष्णता हवेत सुटते. हवा आणखी वर उठते, खालचा दाब घटतो आणि भोवतालची हवा गोल फिरत आत धावते. यासाठी हवेच्या मधल्या थरांत ओलावा लागतो. विषुववृत्तापासून निदान काही अंशांचे अंतर लागते. त्याशिवाय पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ हवेला बसत नाही. आणखी एक अट म्हणजे खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात आणि दिशेत फार तफावत नसावी. ती असली तर वादळाचा खांब वाकतो आणि मोडतो. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर ही तफावत मोठी असते, म्हणून तिथली वादळे बहुतेक करून मोसमी पावसाच्या आधी मे-जूनमध्ये किंवा नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात.

वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मध्यभाग, प्रारूपाच्या चौकोनापेक्षा बराच लहान असतो. 100 किलोमीटरच्या चौकोनात तो दिसत नाही, विरघळून जातो. त्यावर शास्त्रज्ञांनी तीन वाटा काढल्या आहेत. पहिली म्हणजे 25 ते 50 किलोमीटरच्या चौकोनांची प्रारूपे चालवणे; त्यांत वादळे बरीच खरी वाटतील अशी घडतात. दुसऱ्या वाटेत वादळ शोधायचेच नाही. वादळाला लागणारी परिस्थिती, म्हणजे समुद्राची उष्णता, ओलावा, वाऱ्यातील तफावत, पुढे किती अनुकूल होते, तेवढे मोजायचे. तिसरी वाट अमेरिकी शास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी रुळवली. प्रारूपातून मिळालेल्या वातावरणात हजारो काल्पनिक वादळांची बीजे पेरायची आणि कोणती वाढतात, कुठे जातात ते पाहायचे.

तिसऱ्या वाटेचे मोल मुंबईच्या उदाहरणातून कळते. 1882 च्या जूनमध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, हे विधान कितीतरी ठिकाणी छापलेले आढळते. पण त्या काळच्या नोंदींत अशा आपत्तीचा मागमूस नाही आणि शास्त्रज्ञांनी ती घटना घडलीच नसल्याचा निष्कर्ष काढला आहे. उलट, नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला खरोखरच चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. एखाद्या शहरावर शंभर वर्षांत एक-दोनच वादळे येत असतील, तर तेवढ्या नोंदींवरून धोका मोजता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठातील अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईसाठी काल्पनिक वादळांच्या पद्धतीने धोक्याचे गणित मांडले. मुंबईवर फार तीव्र वादळ येण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही, हे त्यातून दिसते.

तापलेला अरबी समुद्र

उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाच चक्रीवादळे होतात. त्यांतील चार बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात, असे गणित पूर्वी सांगितले जाई. 2019 मध्ये ते उलटले. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच वादळे झाली आणि ‘क्यार’ व ‘महा’ ही दोन तर एकाच वेळी समुद्रात होती. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात महाराष्ट्रातील सोयाबीन आणि द्राक्षांचे मोठे नुकसान झाले. पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1982 ते 2019 या काळातील नोंदी तपासल्या. त्यांत 2001 नंतरच्या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या काळापेक्षा 52 टक्क्यांनी आणि त्यांचा टिकाव 80 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. बंगालच्या उपसागरात संख्या 8 टक्क्यांनी घटली होती.

नोंदी वाढ दाखवतात. कारण दाखवत नाहीत. ते काम प्रारूपाचे. 2014 मध्ये ‘निलोफर’ आणि 2015 मध्ये ‘चपला’ व ‘मेघ’ ही अतितीव्र वादळे अरबी समुद्रात पावसाळ्यानंतर झाली. शेवटची दोन तर आठवड्याभराच्या अंतराने येमेनवर धडकली. हिरोयुकी मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे 25 किलोमीटरच्या प्रारूपात हा प्रश्न घातला. एकदा हवेत औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळाइतके हरितगृह वायू ठेवले, एकदा 2015 इतके. बाकी समीकरणे तीच. आजच्या हवेत पावसाळ्यानंतरची अतितीव्र वादळे होण्याची शक्यता स्पष्टपणे वाढली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अरबी समुद्रातील वादळांवर माणसाची छाप दाखवणाऱ्या पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी आहे.

जगभरच्या प्रारूपांचे एकत्रित उत्तर थोडे वेगळ्या स्वरूपाचे आहे. पृथ्वी 2 अंशांनी तापली तर चक्रीवादळांची एकूण संख्या वाढेलच असे नाही. ती तेवढीच राहण्याची किंवा घटण्याची शक्यता अधिक आहे. मात्र वाऱ्याचा कमाल वेग सुमारे 5 टक्क्यांनी आणि वादळातील पावसाचा जोर सुमारे 14 टक्क्यांनी वाढेल आणि एकूण वादळांत अतितीव्र वादळांचा वाटा मोठा होईल. संख्येबद्दल प्रारूपांमध्ये मतभेद आहेत. जोर वाढण्याबद्दल बरीच एकवाक्यता आहे.

पाऊस घटला आणि वाढलाही

मोसमी पावसाची गोष्ट अशीच दुहेरी आहे. पुण्याच्या संस्थेने 2020 मध्ये भारतातील हवामान बदलाचा सविस्तर अहवाल तयार केला. 1951 ते 2015 या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदले आहे. त्याच सुमारास मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. एकूण कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो; शेतकऱ्याला जाणवणारी हीच रीत आकड्यांत उतरली आहे.

यातील दुसऱ्या भागाचे, म्हणजे पाऊस कोसळण्याचे, कारण सोपे आहे. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. ढगाला अधिक पाणी मिळते आणि मुसळधार पाऊस अधिक मुसळधार होतो. मग एकूण पाऊस घटला कसा? 2011 मध्ये मासिमो बोलासिना, यी मिंग आणि वेंकटाचलम रामस्वामी यांनी प्रारूपात निरनिराळे घटक वेगळे करून पाहिले. फक्त हरितगृह वायू वाढवले, तर पाऊस वाढायला हवा होता. धूर आणि सल्फेटचे सूक्ष्म कण घातले, तेव्हा तो घटला. हे कण सूर्यप्रकाश अडवतात, जमीन आणि उत्तरेकडचा समुद्र पुरेसा तापू देत नाहीत आणि मोसमी वाऱ्यांची ओढ कमी होते. प्रदूषणाने पाऊस मागे ओढला आणि वायूंनी तो पुढे ढकलला; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिली ओढ भारी पडली.

पुढच्या काळात ही तराजू उलटी झुकणार असे प्रारूपे सांगतात. 32 प्रारूपांचा आढावा घेणाऱ्या 2021 मधील अभ्यासानुसार जगाचे तापमान 1 अंशाने वाढले की भारतातील मोसमी पाऊस सुमारे 5 टक्क्यांनी वाढेल आणि एका वर्षातून दुसऱ्या वर्षात पडणारा फरकही वाढेल. एक साल पुराचे, दुसरे दुष्काळाचे, ही शक्यता त्यातून पुढे येते.

विश्वास किती ठेवावा?

प्रारूपाची परीक्षा भूतकाळात होते. 1850 पासूनचे वायू आणि ज्वालामुखी घालून ते आजपर्यंत चालवतात आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडतात. तापमानाच्या वाढीत ते चांगले उतरते, पावसात कमी. मध्य भारतावर प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस पाडणे आणि उत्तर अरबी समुद्र आहे त्याहून थंड दाखवणे, हे अनेक प्रारूपांचे जुने दोष आहेत. स्थानिक ढगफुटीसारखा पाऊस तर त्यांच्या आवाक्याबाहेरच राहतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात सुमारे 74 मिलिमीटर. या दोन पर्जन्यमापकांतील फरक ज्याला पकडता येईल, ते प्रारूप खूप लहान चौकोनांचे असावे लागेल.

त्या दिशेने पावले पडत आहेत. पुण्यात 2018 मध्ये ‘प्रत्यूष’ हा सेकंदाला चार हजार लाख कोटी गणिती क्रिया करणारा महासंगणक बसवला गेला आणि 2024 मध्ये त्याहून जवळपास तिप्पट क्षमतेचा ‘अर्क’ आला. त्याच्या बळावर मे 2025 मध्ये 6 किलोमीटर चौकोनांची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. ती रोजच्या अंदाजासाठी आहे, पण तिच्यातून सुधारलेले ढगांचे ठोकताळे पुढे दीर्घकालीन प्रारूपांतही उतरतात. महासंगणकाइतकेच महत्त्व मोजमापांना आहे. गावातील पर्जन्यमापक, समुद्रातील बोया, डॉप्लर रडार आणि उपग्रह यांच्या नोंदी नसतील, तर प्रारूप बरोबर आहे की चूक, हे ठरवायला काहीच उरत नाही.

या सगळ्यातून मिळणारे उत्तर दिवस आणि तारीख सांगत नाही; पण काय बदलते आहे ते पुरेसे सांगते. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती. 2005 नंतर ती 50 मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम हाती घेतले गेले. श्रीवर्धनला आज लावलेल्या सुपारीच्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. पूल, धरणाचा सांडवा आणि किनाऱ्यावरचा रस्ता पन्नास ते शंभर वर्षांसाठी बांधला जातो. इतक्या लांबच्या कामांचा आराखडा गेल्या शतकातील पावसाच्या सरासरीवर काढणे आता धोक्याचे आहे. प्रत्येक नव्या आराखड्यात जुन्या नोंदींच्या शेजारी प्रारूपाने दाखवलेला पुढचा पाऊसही मांडला पाहिजे आणि नगरपालिकेपासून जलसंपदा खात्यापर्यंत प्रत्येकाने तो मागितला पाहिजे.